एकशे सेहेचाळीस गुण

माझ्या दोन्ही पोरांना तोंडाआधी हात चालवायची खोड. बापाकडून आलेली. आमच्या व्हीलिंग गावातल्या निम्म्या बारवाल्यांनी त्यांच्या बापाला कधी ना कधी धक्के मारून बाहेर काढलंय.

थोरला डेल लोकांच्या घरांवर छपरं घालतो. धाकट्या नोलनने वकील व्हायचं, हे डेलनेच ठरवलेलं. आपली पाठ उन्हात भाजली तशी भावाची भाजायला नको, एवढंच त्याचं म्हणणं. नोलनने लॉ कॉलेजची प्रवेश परीक्षा दिली आणि गुण पडले एकशे सेहेचाळीस. त्याला एकशे साठच्या वर हवे होते. गुण ठेवायचे की रद्द करायचे, हे कळवायची मुदत रविवारी संपणार होती.

रविवारी जेवायला बसलो आणि डेलने विषय काढला.

"ठेव ते गुण. पुढच्या खेपेला जास्त पडले तर कॉलेजवाले जास्तीचेच धरतात. नाही पडले तर निदान हे तरी हातात आहेत."

"लोक हसतील मला."

"हसू देत की! दात त्यांचेच दिसतील."

"तुला काय कळतंय रे? हायस्कूल तरी पुरं केलंस का?"

डेलचं बोलणं शंभर टक्के खरं होतं. पण मेल्याने ते मुठीने सांगितलं. पहिल्याच ठोशाला नोलनचं नाक फुटलं, बटाट्यांवर रक्त सांडलं. नोलनने बिअरची बाटली त्याच्या कपाळावर फोडली. मी झाडू घेऊन दोघांनाही बडवत सुटले, पण मला कोण विचारतंय!

डेलने त्याला गचांडी धरून भिंतीवर आपटलं. "रद्द करशील? बोल, करशील?" दर शब्दाला एक ठोसा.

"अरे, ऐक तरी..." नोलन म्हणत होता. तेवढ्यात त्याचा पाय घसरला आणि मागचं डोकं शेगडीच्या लोखंडी कडेवर आदळलं. मग तो हललाच नाही.

दुसऱ्या दिवशी तो इस्पितळात शुद्धीवर आला. डॉक्टरीण म्हणाली, जीव वाचला, पण मेंदूला मार आहे. वर्षभर पुस्तक नाही, टीव्ही-मोबाइल नाही. परीक्षेचं तर नावच काढू नका.

डेल खाटेशी गुडघे टेकून बसला. "असू दे. ते एकशे सेहेचाळीस आहेत ना? त्यावरच अर्ज करू. मी भरतो."

नोलनने सुजलेला डोळा कसाबसा उघडला. "रविवारी सकाळीच रद्द केले. तेच सांगत होतो."

माझं डोकं फिरलं. डेलच्या थोबाडीत मी चार ठेवून दिल्या. एवढ्या दांडग्या पोराने हातसुद्धा आडवा धरला नाही.

"आई, पुरे," नोलन म्हणाला. "डेल, चक्कर थांबली की तुझ्याबरोबर कामावर येतो. खिळे ठोकायला वाचावं लागत नाही ना?"

त्याने ते हसत विचारलं. डेल उठला, बाहेर गेला आणि ओक्साबोक्शी रडला.