आमच्या घरातली उपजत बुद्धी

आमच्या घरात दोन मुली होत्या आणि दोघींची वाटणी फार लवकर झाली. माझी चुलतबहीण, जिला मी काही महिन्यांनी धाकटी असल्यामुळे ताई म्हणते, ती हुशार. मी मेहनती. ही वाटणी झाली तेव्हा मला अजून नीट नाकही शिंकरता येत नव्हतं, त्यामुळे हरकत घ्यायची राहून गेली.

झालं असं की साडेतीन वर्षांच्या ताईने एके दिवशी खोकल्याच्या औषधाची बाटली हातात घेतली आणि तिच्यावरचं नाव खणखणीत आवाजात म्हटलं. काकूच्या हातातला चमचा पडला. पोरगी वाचते! काकू स्वतःच रोज सकाळ-संध्याकाळ ती बाटली ताईच्या नाकासमोर धरून तेच नाव घेत असे, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं असेल तर त्या माणसाने शहाणपणाने ते गिळलं. त्याच वेळी मी जमिनीवर बसून आईच्या डब्यातली बटणं भोकांप्रमाणे वेगळी करत होते. पक्षपात नको म्हणून घरच्यांनी माझ्याकडेही पाहिलं. "ही पण बघा, कशी राबतेय," आई म्हणाली. तेव्हापासून मला मुंगी म्हणतात.

घरात अशा वाटणीची सवय होती. बाबा आणि काका मिळून चष्म्याचं दुकान चालवत. काका हुशार, म्हणून ते पुढे काउंटरवर बसून गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे डोळे बारीक करून बघत आणि "तुम्हाला चौकोनी" एवढंच म्हणत. बाबा मेहनती, म्हणून ते मागच्या खोलीत मशीनवर काचा घासत. संध्याकाळी बाबांच्या भुवयांवर पांढरी पूड बसलेली असे. "तुझ्या काकांकडे नजर आहे," बाबा मला सांगत, "आपण हातांची माणसं." हे सांगताना ते इतके तृप्त दिसत की मला पुढचा घास जात नसे.

हुशार मुलीच्या हातात पुस्तक दिसणं हा घराचा अपमान होता. ताईने चुकून एखादं उचललंच, तर काकू ते अलगद काढून घ्यायची. "ठेव ते. तुला काय गरज?" पाहुणे आले की काकू आवाज खाली आणून सांगायची, "पुस्तकाला हात लावत नाही हो. कधी करते, देव जाणे." ज्यांची मुलं तीन-तीन शिकवण्यांना जाऊन काठावर पास व्हायची ते पाहुणे यावर कडू तोंडाने चहा प्यायचे. काकूला तो चहा फार गोड लागायचा.

मेहनती मुलीने मात्र मोठ्याने वाचायचं. मनात वाचलेलं आमच्याकडे धरत नसत. शाळेतून आल्यापासून दिवे लागेपर्यंत मी आमच्या खोलीत खुर्चीवर बसून वाचत असे, आणि दम खायला थांबले की स्वयंपाकघरातून आईची हाक यायची, "आवाज का बंद झाला गं?" खोलीच्या दुसऱ्या भिंतीशी ताई पाठ करून पलंगावर पडलेली असे. बुद्धीला विश्रांती लागते. दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हे चित्र दिसे: एक घसा फोडतेय, एक झोपलीय. आणि परीक्षेत झोपलेली पहिली यायची.

ती झोपलेली नसायची.

"परत," ती भिंतीला म्हणायची. "शेवटचा परिच्छेद परत."

मी परत वाचायची. सात-आठ वेळा. ताई कपाळावर मूठ दाबून ऐकायची आणि ओठ न हलवता पाठ करायची. इतिहास, व्याकरण, विज्ञानाच्या व्याख्या. गणितसुद्धा. "कंस सुरू, अ अधिक ब, कंस पूर्ण, त्याचा वर्ग" हे मी एखादी आरोळी ठोकावी तसं म्हणायची आणि ती कंसांसकट गिळायची. एवढी मेहनत करणारं माणूस मी आजवर दुसरं पाहिलेलं नाही. मी तर नुसतं तोंड चालवत होते. मला एकदा वाचलं की कळायचं, मग उरलेल्या सात वेळा माझं डोकं भलतीकडे भटकायचं. परीक्षेत ताई सगळ्या पायऱ्या लिहायची. मी कंटाळून फक्त उत्तर लिहायची. "रीत कुठे आहे?" असं लाल शाईत विचारून गणिताचे सर निम्मे गुण कापायचे, आणि माझा नंबर नववा-दहावा यायचा. "कष्ट कमी पडतायत," आई म्हणायची. मग वाचनाची वेळ वाढायची. मग ताई आणखी वर जायची.

याच्याही वरची एक गोष्ट होती. ताईला लांबचं दिसत नसे. फळा तिच्यासाठी एक हिरवट पडदा होता. दुकान बंद असलेल्या दिवशी बाबांनी तिचे डोळे तपासले आणि वजा साडेतीन नंबर काढला. काका घाम पुसत म्हणाले, "चष्मा? हिला? लोक म्हणतील, रात्रंदिवस वाचत असते." शहरातल्या अर्ध्या लोकांना चष्मा लावणारा माणूस हे म्हणत होता. बाबांनी मान डोलावली. नजर काकांकडे होती ना. पण तपासणी वाया जायला नको, म्हणून जाड काळ्या फ्रेमचा एक चष्मा मला देण्यात आला. त्यात साध्या काचा होत्या. "अभ्यासू दिसते," काका म्हणाले. माझे डोळे ठणठणीत होते. बाबांनी त्या काचा स्वतः घासल्या होत्या, अगदी कडेपर्यंत.

तर अशा घरात, आम्ही दोघी शाळेच्या शेवटच्या वर्षाला असताना, आतोबा आले. आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. ते शिक्षणतज्ज्ञ होते, म्हणजे बरीच वर्षं त्यांनी कुणाला काही शिकवलं नव्हतं. गुणवंत मुलांच्या एका निवासी संस्थेच्या निवड समितीवर ते होते आणि एका घरातून एकच नाव सुचवता येईल, असं त्यांनी बूट काढायच्या आधीच जाहीर केलं.

मला तिथे जायचं होतं. संस्थेचं नाव मोठं होतं म्हणून नाही. आतोबांनी गेल्या खेपेला सहज सांगितलं होतं की तिथल्या वाचनालयात कुजबुजायलाही बंदी आहे. एक अख्खा मोठा हॉल, त्यात शंभरेक माणसं, आणि कुणाचा आवाज का बंद झाला असं विचारणारं कुणी नाही. त्या हॉलचा विचार करत मी महिनेच्या महिने कंस उघडले आणि बंद केले होते.

ताईला जायचं नव्हतं. आतोबा बाहेर संत्रं सोलत बसले होते तेव्हा तिने मला खोलीत ओढलं.

"मुंगे, मी मेले. तिथे मला कोण वाचून दाखवणार? ऐकल्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरत नाही."

"मग सोपं आहे. तू चुकीची उत्तरं दे, मी बरोबर देते."

"चुकीची द्यायला बरोबर कोणती ते माहीत नको का?"

"मग गप्प बस."

"ते जमेल," ताई म्हणाली. बिचारी प्रामाणिक होती.

दिवाणखान्यात सगळे जमले. आतोबा संत्र्याच्या बिया तोंडातून काढून काकूच्या भरतकाम केलेल्या टेबलक्लॉथवर ओळीने मांडत होते आणि काकू त्या बियांकडे कौतुकाने बघत होती. एक बी त्यांच्या हनुवटीला चिकटून राहिली होती. कुणी सांगितलं नाही. एवढा मोठा माणूस, त्याला बी चिकटलीय असं कसं सांगणार?

"मेहनत," आतोबा म्हणाले, "बैलही करतो. मी शोधतो ती ठिणगी. उपजत." एवढं बोलून त्यांनी माझं विज्ञानाचं पुस्तक उचललं आणि दर पान उलटताना बोट जिभेवर पुसू लागले. जाड, ओलं बोट. पानांचे कोपरे दमट होऊन वळत गेले. त्या पुस्तकाचा वास मला पुढे किती तरी दिवस येत होता.

"समजा, एका खोलीत काही माणसं आहेत," त्यांनी पुस्तक बाजूला टाकलं. "प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा हात मिळवला. एकूण अठ्ठावीस वेळा हात मिळवले गेले. तर माणसं किती?"

"आठ," मी म्हणाले.

आतोबांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं गाडीच्या काचेवर माशी आपटावी. "पाठ केलंय."

"मग पंचेचाळीस वेळा धरा. दहा माणसं."

"हेही पाठ आहे," ते काकांना म्हणाले. "भयंकर घोकते ही."

"रोज, आतोबा, रोज," आई अभिमानाने म्हणाली. "घसा बसेपर्यंत."

ताई ठरल्याप्रमाणे गप्प होती. आतोबा तिच्याकडे वळले आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला, आजाऱ्याशी बोलावं तसा. "तू बोलली नाहीस."

ताई गप्प.

"विचार करतेय," आतोबा पुटपुटले. "उत्तरात तिला रस नाही. खोल पाणी आहे."

मग त्यांनी बॅगेतून एक कार्ड काढून समोर धरलं. मोठ्या त्रिकोणात लहान त्रिकोण काढलेले होते. एकूण किती ते सांगायचं होतं. "तेरा," मी म्हणाले. त्यांनी हाताने मला बाजूला सारलं, स्पर्श न करता. "तू सांग बाळ. काय दिसतं?"

ताईने डोळे ताणले. चार हातांवरचं कार्ड, वजा साडेतीनचे डोळे. "मला डाग दिसतो," ती रडवेली होऊन म्हणाली. "काळपट. पाण्यात पडल्यासारखा."

आतोबा खुर्चीवरून अर्धवट उठले. "ऐकलंत? सगळे त्रिकोण मोजतात. हिने संपूर्ण आकृती पाहिली. मौलिक!"

"मौलिक!" काका म्हणाले. नजर असलेला माणूस. मी बाबांकडे पाहिलं. वजा साडेतीन हा नंबर त्यांनीच काढला होता. डाग का दिसतो ते त्यांना नेमकं ठाऊक होतं. बाबांनी खिशातून रुमाल काढला, हात पुसले, आणि रुमाल नीट घडी घालून परत ठेवला.

तेवढ्यात ताईचा बांध फुटला.

"मला काही येत नाही हो आतोबा! मी दुपारी झोपत नाही. मुंगी वाचते, मी ऐकते. पाठ करते सगळं. डोकं ठणकतं माझं. तिला न्या, मला नको!"

आता सगळं उघडं झालंय असं मला वाटलं, त्या हॉलच्या दारात उभं असल्यासारखं.

आतोबा हसायला लागले. हनुवटीवरची बी निसटून त्यांच्या मांडीवर पडली. "म्हणजे नुसतं ऐकून? भिंतीकडे तोंड करून?"

"एकदा ऐकून नाही! आठ-आठ वेळा!"

"आणि वर हा विनय," आतोबा काकूला म्हणाले. "हाही शिकवून येत नाही."

काकूने पदर डोळ्यांना लावला. काका म्हणाले, "मला वाटायचंच, ती झोपेत काहीतरी करते." आई माझ्या कानाशी म्हणाली, "बघ, तुझ्या वाचण्याचा तिला किती उपयोग झाला." ती खरंच खूश होती. त्या घरात खरं बोलणं म्हणजे चिखलात दगड टाकणं होतं. आवाजसुद्धा होत नसे, नुसती गिळगिळीत हालचाल.

ताई माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी आलं. तिने हात मांडीवर ठेवले, डोळे मिटले आणि संथपणे म्हणाली, "मुंगी आली तर मी जाईन."

"का बरं?" आतोबांनी विचारलं.

"माहीत नाही. आतून वाटतं."

आतोबा पुढे वाकले. "आतून" या शब्दापुढे त्यांचं काही चालत नव्हतं. नियम आठवले, घसा खाकरला, आणि मग म्हणाले की प्रतिभावंतांना कधीकधी सोबत लागते, संस्थेत तशी एक सोय करता येईल. हिचं नाव यादीत नसेल, पण वर्गात मागे बसू देतील. वाचनालयातही. दुपारी ही थोरलीला वाचून दाखवेल. "आणि हिची आबाळ नको व्हायला, म्हणून हिलाही काही शिकता येईल."

ताईने एक डोळा किंचित उघडून माझ्याकडे पाहिलं. तिच्या उपजत बुद्धीचा तो पहिलाच वापर होता, आणि तिने तो माझ्यासाठी केला होता. मला तिला मिठी मारावीशी वाटली आणि तिथून पळून जावंसंही वाटलं.

"हिला विचारा तरी," बाबा अचानक म्हणाले. मी दचकले.

आतोबांनी मला त्या दुपारी पहिल्यांदा असा प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर त्यांना हवं होतं. "काय गं, तिथे कशाला यायचंय तुला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. खरं उत्तर, 'मनातल्या मनात वाचायला', तोंडात तयार होतं. ते दिलं असतं तर 'आगाऊ झालीय' म्हणून माझं जाणं तिथेच बारगळलं असतं. खऱ्याचं काय होतं ते मी आत्ताच पाहिलं होतं.

"कष्ट करायला," मी म्हणाले.

आतोबांनी "वा!" म्हणून मांडीवर थाप मारली. काकूने मान डोलावली. आई हसली. सगळं घर असं सुटल्यासारखं हललं, की जणू एखादी वस्तू आपल्या जागी परत ठेवली गेली. आणि बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंखुरं, गालावर ओघळणारं. ते उठून माझ्याजवळ आले आणि दोन्ही हातांनी माझा चेहरा धरून म्हणाले, "माझ्यावर गेलीय."

त्यांच्या तळव्यांना काचेची बारीक पूड होती. ती गालाला टोचत होती. ते मला सोडेपर्यंत मी हलले नाही, कारण त्यांना मी आवडत होते आणि माझं जाणं ठरलं होतं. मग मी मोरीत गेले आणि साबण लावून तोंड धुतलं. बाहेर आतोबा संस्थेतल्या शिस्तीबद्दल सांगत होते. मी पुन्हा साबण लावला.