विल्मेरच्या लिव्हरसाठी

नेलिदाला सहावा महिना लागला त्याच आठवड्यात कासिमिरो मास्तरांनी आपला फ्लॅट तिलाच विकायचं कबूल केलं, आणि त्या दिवसापासून विल्मेरचं सुखाचं आयुष्य संपलं.

फ्लॅट म्हणजे काही राजवाडा नव्हता. लिमातल्या कोमास वस्तीच्या चढावर, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि पाणी खरोखर येतं असं न्हाणीघर. पण सध्या ही दोघं एका गच्चीवर पत्र्याच्या खोलीत राहत होती, आणि तिथे पाळणा ठेवायचा तर विल्मेरला जिन्यात झोपावं लागलं असतं. कर्ज द्यायला बँक तयार होती. सुरुवातीची रक्कम मात्र आपल्या खिशातून भरायची होती, तीही नोव्हेंबर संपायच्या आत. मास्तर त्यानंतर ताक्नाला लेकीकडे कायमचे निघाले होते आणि फ्लॅटवर डोळा ठेवून बसलेले आणखी दोघं होते.

नेलिदा एका शिवणकारखान्यात हिशेब ठेवायची. तिनं विल्मेरला समोर बसवलं आणि पोलिसांनी चोराला विचारावं तसं विचारायला सुरुवात केली.

"गेल्या महिन्यात कुठे कुठे पैसे गेले, सांग."

"गॅस, भाडं, बस..." विल्मेर बोटं मोजायला लागला. तो वॉशिंग मशीन दुरुस्त करायचा. हातात कला होती, पण खिशाला भोक होतं.

"आणि कोंबडी?"

"कुठली कोंबडी?"

"चार रविवारी सात पोयादा. एकेका पोयादाची दोन-दोन, तीन-तीन तिकिटं. विल्मेर, आपण दोघं आहोत. एवढी कोंबडी कुणी खाल्ली?"

पोयादा म्हणजे मदतीसाठी ठेवलेली कोंबडीची पंगत. कोमासमध्ये कुणाचं ऑपरेशन निघालं, कुणाचं छप्पर उडालं, कुणाच्या मुलीची फी थकली, की त्या घरचे लोक ढीगभर कोंबडी मसाल्यात मुरवतात आणि रविवारी गल्लीत मांडव घालून तळतात. त्याआधी आठवडाभर दारोदार तिकिटं खपवतात. एका तिकिटाला कोंबडीची तंगडी, दोन उकडलेले बटाटे, थोडा पाला आणि झणझणीत चटणी. आज मी तुझं तिकीट घ्यायचं, उद्या तू माझं. विल्मेरनं आजवर कुणालाही नाही म्हटलं नव्हतं. एकदा तर एका अनोळखी कुत्र्याच्या पायासाठी त्यानं चार तिकिटं घेतली होती.

"आजपासून पोयादा बंद," नेलिदा म्हणाली.

"अगं, पण लोक काय म्हणतील?"

"लोक आपल्या बाळाचे डायपर आणणार आहेत का?"

एक गोष्ट सांगायला हवी. नेलिदा कंजूष नव्हती. दहा वर्षांची असताना तिला डोंगरातल्या गावाहून लिमात एका दूरच्या आत्याकडे पाठवलं होतं, आणि ती आत्या तिला पाव वाढताना दर वेळी पावाची किंमत सांगायची. तेव्हापासून कुणाचं काही घ्यायचं नाही आणि कुणापुढे हात पसरायचा नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. स्वतःच्या लग्नाच्या वेळीही तिनं पोयादा ठेवू दिली नव्हती. पाहुण्यांना केक आणि कोला देऊन वाटेला लावलं होतं.

पहिला हल्ला दोनच दिवसांत झाला. खालच्या घरातल्या ओर्फेलिना मावशींनी विल्मेरला जिन्यातच गाठलं. मावशी म्हणजे गल्लीची सरपंच. नाव ऐकून त्या सरपंच वाटत नाहीत, पण आवाज ऐकला की वाटतात.

"विल्मेर, माझ्या भाच्याच्या मोतीबिंदूची तिकिटं. तुला पाच ठेवलीत."

विल्मेरनं खिसे चाचपले. वर दारात नेलिदा उभी होती, तिची नजर पाठीला टोचत होती.

"मावशी, मला... डॉक्टरांनी कोंबडी बंद केलीय."

"का रे बाबा?"

"लिव्हर," विल्मेर म्हणाला. डोक्यात तेवढंच आलं.

मावशींनी तोंडावर हात ठेवला. त्यांचे यजमान लिव्हरनंच गेले होते, हे विल्मेरला आठवलं तेव्हा उशीर झाला होता.

"काय डोकं चाललं तुझं!" वर आल्यावर नेलिदानं त्याच्या गालाचा मुका घेतला. "आता कुणी मागणारच नाही."

आणि खरंच कुणी मागितलं नाही. मोतीबिंदूची पोयादा गेली, छपराची गेली, फीची गेली. दर रविवारी खालून तळणाचा वास यायचा आणि विल्मेर खिडकीशी बसून मसूर खायचा. डब्यात पैसे साठायला लागले. नेलिदा इतकी खूश होती की तिनं मनातल्या मनात पाळणा खिडकीखाली ठेवून पाहिला, मग भिंतीशी ठेवून पाहिला.

पण एका आजाराची बातमी गल्लीत पडली की ती तिथेच थोडीच थांबते? दुसऱ्या आठवड्यात विल्मेर पिवळा दिसतोय असं ठरलं. तिसऱ्या आठवड्यात त्याचे दिवस भरलेत असं ठरलं. रोज सकाळी मावशी कडू पाल्याचा काढा पातेलंभर उकळून आणायच्या आणि तो प्याल्याशिवाय जिना उतरायच्या नाहीत.

"सगळं पी. तळाशीच औषध असतं."

विल्मेर प्यायचा. डोळ्यांतून पाणी यायचं, ते पाहून मावशींनाही भरून यायचं.

इथवर ठीक होतं. घोटाळा पुढे झाला. लोकांनी त्याला कामाला बोलावणं बंद केलं. लिव्हरच्या माणसाला मशीन कशी उचलायला लावायची? शेवटी माणुसकी आहे की नाही! ज्यांच्या मशीन बंद पडल्या त्यांनी हातानं कपडे धुतले, काहींनी पलीकडच्या वस्तीतला कारागीर बोलावला. विल्मेर हत्यारांची पेटी घेऊन बाहेर पडला की चार बायका धावत येऊन पेटी काढून घ्यायच्या आणि त्याला खुर्चीवर बसवायच्या.

नोव्हेंबर संपत आला तेव्हा नेलिदानं डबा उपडा केला. कोंबडीचे वाचलेले पैसे होते तसे होते. पण कामाचे जे बुडाले ते त्याच्या पाचपट होते. सुरुवातीच्या रकमेला दोन हजार सोल कमी पडत होते.

"खरं सांगून टाकू," विल्मेर म्हणाला.

"काय सांगणार? तुमची तिकिटं चुकवायला खोटं बोललो म्हणून? तोंड दाखवायला जागा राहील का?"

"मग मास्तरांना मुदत मागू."

ती मास्तरांकडे गेली, पण पैसे कमी पडतायत एवढंच सांगून थांबली, मुदत द्या हे शब्द काही निघाले नाहीत. मास्तर म्हणाले, "पोरी, दुसरे लोक रोख पैसे घेऊन दारात उभे आहेत. मी सोमवारपर्यंत थांबतो, त्यापुढे मला जमणार नाही." तिनं मान हलवली आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली. तिला ते घर हवं होतं. आयुष्यात कुठलीही गोष्ट इतकी हवी असं तिला कधी वाटलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी ती कामाला निघाली, तर गल्लीच्या तोंडावर भला मोठा फलक लागला होता. लाल-पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं: *भव्य पोयादा, नाचगाण्यासह. विल्मेरच्या लिव्हरसाठी. रविवारी.* खाली एका लिव्हरचं चित्र होतं. ते रताळ्यासारखं दिसत होतं, पण रंगाऱ्याचा हेतू चांगला होता.

"मावशी, हे काय!" नेलिदानं फलकाखाली उभ्या असलेल्या ओर्फेलिना मावशींना विचारलं.

"तू काळजी करू नकोस. तिकिटं सगळी खपलीत, कोंबडी मसाल्यात पडलीय. तू फक्त खुर्चीवर बसायचं."

"पण मावशी..."

"पण काय? मसाल्यातून आता परत काढू?"

रविवारी दुपारी गल्लीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. दोन कढया धडधडत होत्या, स्पीकर कानठळ्या बसवत होता, बियरच्या पेट्या रचल्या होत्या. रोगी वर पत्र्याखाली पांघरूण घेऊन पडला होता. वास जिन्यानं वर येत होता आणि तो उशी चावत होता. त्याला भेटायला येणारे दारातूनच हळहळून परत जात होते. एक म्हातारी त्याच्या कपाळाला हात लावून, "किती तरुण आहे हो," म्हणाली, तेव्हा विल्मेरला स्वतःचीच कीव आली.

संध्याकाळी मावशींनी एक फुगलेली पिशवी नेलिदाच्या मांडीवर ठेवली.

"खर्च वजा जाता. दोन हजारांच्या वर आहेत."

नेलिदानं पिशवी दोन्ही हातांनी धरली. इथून उठायचं, वर जायचं, उद्या सकाळी बँकेत भरायचे, झालं. कुणाला कळणार होतं? महिन्याभरात विल्मेर काढ्यानं बरा झाला म्हणता आलं असतं, मावशींना केवढा आनंद झाला असता. तिनं हा सगळा विचार केला, तिथे बसून, शांतपणे केला. पण समोर पीठगिरणीवाला हातातला प्लास्टिकचा चमचा चाटत होता, आणि त्याच्या स्वतःच्या आईचं ऑपरेशन डिसेंबरात होतं हे तिला माहीत होतं. आत्याच्या घरी गिळलेला प्रत्येक पाव तिच्या घशाशी आला. ती उठली, पोट सावरत स्पीकरपाशी गेली आणि माईक हातात घेतला.

"गाणं बंद करा. मला बोलायचंय."

गाणं बंद झालं.

"विल्मेरला काही झालेलं नाही. त्याचं लिव्हर ठणठणीत आहे. तुमची तिकिटं घ्यायला लागू नयेत म्हणून आम्ही खोटं बोललो. त्याची चूक नाही, माझी आहे. मला घर घ्यायचं होतं. हे पैसे परत घ्या."

गल्लीत कढईतल्या तेलाचा तेवढा आवाज राहिला. विल्मेर पांघरुणासकट जिन्यात येऊन उभा राहिला होता आणि तो खरोखरच आजारी दिसत होता.

ओर्फेलिना मावशींनी हात पदराला पुसावेत तसे ॲप्रनला पुसले. "झालं बोलून? बस आता. पाय सुजलेत तुझे."

"मावशी, मी काय म्हणाले ते ऐकलंत ना?"

"अगं, सगळ्यांना माहितेय. महिना झाला. हा तुझा रोगी बाजारामागच्या गाडीवर तळलेली कोंबडी खाताना सापडला. एकदा नाही, तीनदा. हाडं अशी चोखत होता! मरणारा माणूस हाड चोखतो का?"

गल्ली हसली. नेलिदानं जिन्याकडे पाहिलं. विल्मेरनं पांघरूण डोक्यावर ओढलं.

"मग तो काढा?" पांघरुणातून आवाज आला.

"तो शिक्षेचा. पहिल्या आठवड्यात थोडी तरी साखर घालत होते, नंतर तीही बंद केली."

"आणि कामं का नाही दिलीत?"

"आजारी माणसाला कसं द्यायचं रे?" गिरणीवाला म्हणाला, आणि पुन्हा सगळे हसले.

नेलिदा मात्र हसली नाही. "माहीत होतं, तरी ही पोयादा का ठेवलीत?"

मावशी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. आवाज खाली आला, त्यांच्या मानानं. "कासिमिरो मास्तर येऊन सांगून गेले. तुमचे कमी पडतायत, आणि तू दारात उभी राहून मान हलवून परत गेलीस. मी तुला म्हटलं असतं, पोरी, घरासाठी पोयादा ठेवू या, तर ठेवू दिली असतीस?"

नेलिदानं हातातला माईक उलटसुलट फिरवला.

"नाही," ती शेवटी म्हणाली.

"का?"

"मला मागता येत नाही, मावशी." एवढं बोलून ती रडायला लागली, सगळ्यांच्या समोर, माईक हातात तसाच असल्यामुळे चढापर्यंत ऐकू जाईल अशी.

"माहितेय," मावशी म्हणाल्या आणि माईक बंद केला. "म्हणून लिव्हरसाठी ठेवली."

कुणीतरी तिच्या हातात ताटली दिली. तिनं नाक पुसलं आणि खाल्लं. मीठ थोडं जास्त होतं, पण तिनं तंगडी शेवटपर्यंत खाल्ली, आणि कुणी तिला किंमत सांगितली नाही. गाणं पुन्हा सुरू झालं. विल्मेर खाली येऊन तीन ताटल्या संपवून चौथीला लागला होता.

तिचं खाणं होईपर्यंत मावशी थांबल्या. मग त्यांनी ॲप्रनच्या खिशातून गुलाबी तिकिटांची गड्डी काढली.

"पुढच्या रविवारची. जावयाच्या टॅक्सीचं इंजिन बसलंय."

नेलिदाच्या तोंडून निघूनच गेलं, "खरंच बसलंय?"

"हे तू विचारतेस?"

नेलिदानं मान खाली घातली. हाताला कोंबडीचं तेल लागलेलं होतं. ते तिनं झग्याला पुसलं आणि हात पुढे पसरला.

"द्या," ती म्हणाली. "पाच द्या."