ताईच्या पायात माझे बूट

ताई आमच्याकडे राहायला आल्यापासून नवे बूट मी कधी स्वतः सैल केलेच नाहीत. हॉटेलच्या स्वागतकक्षात दिवसभर उभं राहायचं, तेही ताठ, चकचकीत काळ्या बुटांत. पहिला आठवडा जीव नकोसा व्हायचा. आम्हा बहिणींचा नंबर एकच. "आण इकडे, मी घालून सैल करते," ताई म्हणाली. मी तोंडदेखलं एकदा नको म्हटलं आणि बूट तिच्या हवाली केले. ते घालून ती घरभर वावरायची, भांडी घासायची, इस्त्री करायची.

"लागत नाहीत ना गं?"

"छे! तुझेच पाय नाजूक, महाराणी."

मला तेवढंच ऐकायचं होतं. हॉटेलात मी हे कौतुकाने सांगायचे आणि सगळ्या हसायच्या.

मग एका सकाळी फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले. ताई गुणगुणत त्यांच्यावरूनच चालत होती. पायाच्या करंगळीला चांगली खोल जखम झाली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला लावले आणि नायलॉनच्या धाग्याचं टोक तळव्याला ठिकठिकाणी टेकवलं. टेकलं की सांगायचं होतं. ताई गप्प पडून राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "करा ना सुरू." डॉक्टरांनी धागा ठेवून दिला. मधुमेहाने तिच्या पायांतली जाणीवच गेली होती. जखम भरल्यावर मापाचेच बूट घ्या, ते म्हणाले; पुन्हा तिथे घासलं तर करंगळी काढावी लागेल.

जखम भरल्यावर आम्ही दुकानात गेलो, तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय फुगतात. दुकानदारीण बाईंनी माझ्या बुटातला आतला सोल काढून जमिनीवर ठेवला आणि ताईला त्यावर उभं केलं. तिची करंगळी अख्खी बाहेर पडली.

"नंबर लांबीचा असतो हो. यांचं पाऊल किती रुंद आहे बघा!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके महिने मी नुसता नंबर बघितला, पाय बघितलाच नाही.

बाईंनी पुढून ऐसपैस, मऊ बूट आणले, आत कमानीला आधार देणारा सोल बसवला. ताई चार पावलं चालली आणि म्हणाली, "छान आहेत."

"यांच्या छानवर जाऊ नका," बाई मला म्हणाल्या. "आत हात घालून शिवण कुठे टोचते का ते तुम्ही बघा." आणि त्या दुसरा जोड आणायला आत गेल्या.

मी ताईच्या पायाशी बसून बूट चाचपू लागले आणि उगाच तिच्यावरच चिडले. "पायाला काही कळत नाही, हे तुला कळलं नाही?"

"कळलं होतं की. पायावर कढत पाणी सांडलं होतं, तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू बूट दिले असतेस का?" ती हळूच म्हणाली. "तुझ्या घरात नुसतं बसून किती दिवस खायचं?"

'असं कुणी म्हटलं तुला?' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते मीच म्हटलं होतं. ती आली त्याच महिन्यात नवऱ्याने विचारलं होतं, ही किती दिवस राहणार? ताई शेजारच्या खोलीत होती, दार उघडं होतं, आणि मी म्हणाले होते, "राहू दे रे. कामाला येते."