फाळाखाली पाच विटा

विकायला काढलेला जुना ट्रॅक्टर पाहताक्षणी सासरे हरखून गेले आणि सून सावध झाली. सासऱ्यांचा एखाद्या वस्तूवर जीव जडला की व्यवहार झालाच म्हणून समजा. नांगरणी दहा दिवसांवर आली होती. नवा घेण्याची ऐपत नव्हती, आणि जुना ऐन कामात बसला तर अख्खं वर्ष हातचं जाणार होतं.

सून मात्र कच्च्या गुरूची चेली नव्हती. वडिलांच्या गॅरेजमध्ये ग्रीसने हात माखून घेतच ती लहानाची मोठी झाली होती. तिने आधी इंजिनाला हात लावून पाहिला. गार होतं, म्हणजे आधी तापवून ठेवण्याची लबाडी नव्हती. चावी फिरवताच ते पहिल्या फटक्यात सुरू झालं. धूर साफ, क्लच चांगला, पुढची चाकंही घट्ट.

"पोटच्या पोरासारखा सांभाळलाय, वहिनी," विकणारा तोऱ्यात म्हणाला.

"मग जरा ओझं उचलू दे की पोराला. मागे नांगर लावा."

तिने ट्रॅक्टरच्या मागच्या, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या लिफ्टने नांगर वर घेतला, इंजिन बंद केलं आणि फाळाखाली पाच विटा रचल्या. वरची वीट आणि फाळ यांच्यात चार बोटं जागा सोडली.

"आता चहा सांगा. लिफ्ट धड असेल तर चहा संपेपर्यंत नांगर जागचा हलणार नाही."

विकणाऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "काका, बाईमाणसाच्या हट्टापायी एवढी मशीन सोडणार? संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय."

सासरे डळमळले. "अगं, इंजिन चांगलंय ना? उगाच कीस काढू नकोस. घेऊन टाकू."

तिला राग आला, अगदी खराखुरा. "घ्या ना, बाबा! पण मग मला कशाला आणलंत? शोभेला?"

तेवढ्यात चहा आला. सासरे आपला कप बाजूला ठेवून धुतल्या कपड्यांनिशी चक्क मातीत आडवे झाले आणि एक डोळा मिटून ती फट न्याहाळू लागले. चार बोटांची तीन झाली, तिनाची दोन. चहा निम्मासुद्धा संपला नव्हता, तोच फाळ विटेवर टेकला.

"अरे, हा तर बसला!" सासरे पडल्या पडल्याच ओरडले.

"आतलं तेल धरून ठेवणारं सील गेलं असेल," विकणारा पुटपुटला.

"गेलंच आहे. लिफ्ट खोला, सगळी सीलं बदला," सून म्हणाली. "बाकी ट्रॅक्टर खणखणीत आहे. मला हाच हवाय."

विकणाऱ्याने मान डोलावली आणि सासऱ्यांना जरा बाजूला घेतलं. "चार दिवसांत करून ठेवतो, काका. पण बघायला तुम्ही एकटेच या, काय?"

सासऱ्यांनी पाठीची माती झटकली.

"छे रे. मी नाही आलो तरी चालेल. ही येईल, आणि पैसे हिच्याजवळच असतील."