बिकमावशीचा लाल दिवा

"मेल्यावरही राग जाईना बघ यांचा," म्हणत बिकमावशीनं जळालेला लाल बल्ब वायरमन तोआनच्या हातावर ठेवला. नवऱ्याच्या फोटोपुढचा हा दिवा कधी विझू द्यायचा नसतो, आणि तो नेमका भर दुपारी उडायचा. "एकदा भांडणात शिळा भात वाढला होता रे मी. तेच मनात धरून बसलेत."

तोआनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. व्हिएतनाममधल्या फान रांगच्या त्या उन्हात गल्लीतल्या सगळ्या छतांवरची सौर वीज एकाच तारेत घुसे आणि व्होल्टेज चढे. ते फार चढलं की प्रत्येकाच्या सौर यंत्रानं आपणहून बंद पडायचं, असा नियम. जास्त वीज विकता यावी म्हणून तोआननं आपल्या यंत्राची मर्यादा गुपचूप वाढवून ठेवली होती. त्याचं यंत्र बंदच पडत नसे. चढलेल्या व्होल्टेजचा दणका बसे शेजारच्या मावशीच्या दिव्याला.

त्यानं नवा बल्ब लावला. मावशीनं त्याच्या हातात उदबत्ती दिली. "तू शहाणा आहेस, तूच समजूत काढ त्यांची."

घरी जाऊन त्यानं मुकाट्यानं मर्यादा खाली आणली. मावशीचा दिवा टिकला.

आठवड्यानं ती द्राक्षांचं ताट घेऊन आली. "माफ केलं रे त्यांनी मला! रोज नाक घासत होते मी फोटोपुढे. पण खरं सांग, तू काय बोललास त्यांच्याशी?"

तोआननं पटकन एक द्राक्ष तोंडात टाकलं. उदबत्ती धरून तो एवढंच पुटपुटला होता: काका, तिला सांगू नका.