अठरा सेंटिमीटर

आत्याच्या दारासमोर पालथं पडून इंजिनियरने खालच्या पायरीला टेप लावली. पाचव्यांदा. पायरी सोळा सेंटिमीटरच भरली.

"साहेब, मोजून पायरी वाढत नसते," नमुने काढणारा म्हणाला. रस्त्याला भोकं पाडून पोट भरतो म्हणून त्याला सगळे गिरमिट म्हणत. यंत्रातून निघालेला डांबराचा दंडगोल त्याने शर्टाला पुसून पुढे धरला. "बारा सेंटिमीटर. तेही मधे तडकलेलं."

म्हणजे संपलंच. जुनं डांबर खरवडायचं आणि मग वर काँक्रीटचा थर, म्हणजे रस्ता उंच होणार नाही, असा इंजिनियरचा बेत होता. पण खरवडल्यावर खाली उरणार काय? न खरवडता टाकायचा तर थर अठरा सेंटिमीटरचा. गेले आठ दिवस त्याने ते गणित उलटसुलट केलं होतं, ट्रक कमी धरले, एकदा तर पावसाळाच वगळून पाहिला. उत्तर अठराच.

लहानपणी या दाराला पाच पायऱ्या होत्या. रस्ता चढत गेला, तीन बुडाल्या. चौथी आता त्याच्याच सहीने जाणार, आणि मग जोराचा पाऊस थेट आत्याच्या बैठकीत.

"गुंड्या, ऊठ. लोकांना वाटेल मीच ढकललं," दारातल्या खुर्चीतून आत्या म्हणाली.

तो उठला. टेप बाहेर ओढली, आत सोडली, पुन्हा ओढली.

"आत्या, एक पायरी जाणार."

"एकच?"

"मी खूप प्रयत्न केला गं."

"दुसरी का नाही जात?"

तो हसला. ती हसली नाही. चौकट धरून उठली, एक पाय खाली सोडला, पाणी गरम आहे का बघावं तसा हवेत धरला आणि परत घेतला. दाराशी तिच्या चपला होत्या. त्यांवर धूळ होती.

"गुडघे," ती गिरमिटला म्हणाली, शेजाऱ्यांची तक्रार करावी तशी. "सात महिने झाले उतरून."

इंजिनियर दर रविवारी येत होता. दारात बसते, हवा खाते, असं त्याला वाटे.

"उतार बांधा," गिरमिट म्हणाला.

"समोरच्यांनी बांधलाय. त्यावरून तेच घसरले."

गिरमिटने यंत्र बंद केलं. "मग साहेब, थर बत्तीसचा करा की. दोन्ही पायऱ्या जातील."

इंजिनियरने टेप बत्तीसपर्यंत ओढली आणि सोडून दिली.

"बरं, पुढचा थर कधी?" आत्याने विचारलं.

"हा वीस वर्षं टिकेल." प्रत्येक बैठकीत हे वाक्य तो छाती काढून म्हणायचा.

आत्याने बोटांवर काहीतरी मोजलं. बोटं संपली, तरी थोडा वेळ मोजत राहिली.

"चालेल," ती खुर्चीत बसत म्हणाली. "मी काय, घरीच असते."