रूपरावजींच्या तोंडवळ्याचा नंदी

आमच्या सिंदी रेल्वेत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. पहिल्या दिवशी खरे बैल मिरवतात, दुसऱ्या दिवशी पोरांचे लाकडी. चाकं लावलेले नंदी पोरं दोरीनं ओढत मैदानात आणतात. वर्षभर बैल माणसासाठी ओढतो, एक दिवस माणसानं त्याला ओढावं, असा याचा अर्थ मी एकदा भाषणात सांगितला होता. तो अर्थ कुठल्या पुस्तकात आहे की मीच जुळवला, हे आता मला खात्रीनं सांगता येत नाही.

ते भाषण आमच्या वाचनालयात झालं. विषय होता धर्मातल्या आणि कलेतल्या प्रतिमा. मी तिथला निवृत्त ग्रंथपाल. दुसरं कोणी मिळालं नाही म्हणून मला उभं केलं होतं. अध्यक्ष होते रूपरावजी, कापसाचे व्यापारी आणि वाचनालयाचे आश्रयदाते. ते सुरुवातीलाच झोपले. मधे बाहेर कुठे तरी भांडं पडलं तेव्हा दचकून जागे झाले आणि नेमकं माझं एक वाक्य त्यांच्या कानात गेलं: सारखेपणा वस्तूत नसतो, तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असतो. हे वाक्य त्यांनी जपून ठेवलं आणि सत्त्याण्णव सालच्या तान्ह्या पोळ्याला माझ्यापुढेच काढलं.

त्या वर्षी त्यांनी नात मयुरीसाठी तानबा सुताराकडून सागाचा नंदी करून घेतला, तिच्या छातीला लागेल एवढा उंच. नंदी घडला त्यांच्याच ओसरीत, आणि तो घडत असताना रूपरावजी रोज समोर खुर्ची टाकून बसत. तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत सूचना देत. गाल भरीव पाहिजेत. मान ताठ पाहिजे. कपाळावर तेज पाहिजे. तानबा ऐकून घेई, आणि तेज म्हणजे कसं हे पाहायला मान वर करी, तर समोर रूपरावजी.

खऱ्या बैलांना पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदे हळद-तुपानं मळून जेवणाचं आवतण देतात. मयुरीनं हट्ट धरला की आपल्या नंदीलाही तसंच द्यायचं, आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसानं द्यायचं. म्हणून पोळ्याच्या संध्याकाळी रूपरावजींनी लाकडी खांद्याला हळद-तूप चोळलं आणि शेजारपाजाऱ्यांसमोर हात जोडून म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." नंदीला तेव्हा रंग होता, डोळे नव्हते. डोळे तानबा सगळ्यात शेवटी काढतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं डोळे काढले आणि रूपरावजींच्या पत्नी प्रमिलाबाई ओवाळायला आल्या. त्यांनी नंदीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग परत नंदीकडे. आरतीचं ताट खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावून त्या तिथेच बसल्या. हसू आवरत त्या म्हणाल्या, "अहो, हे तर तुमीच."

तोपर्यंत तो नुसता नंदी होता. ते वाक्य ऐकलं आणि पाहावं तर अर्धवट मिटलेल्या पापण्या, पुढे आलेला खालचा ओठ, आत खर्रा असावा तसा फुगलेला एक गाल आणि साऱ्या जगावर बारीकशी नाराजी. तानबाला विचारलं तर तो म्हणाला की मी नंदीच केला, मले त नंदीच दिसते. पण हेही तो नंदीकडे न पाहता म्हणाला.

घरात हसू पसरलं, घरातून गल्लीत गेलं. रूपरावजींनी मला बोलावणं धाडलं. मी गेलो तेव्हा ओसरीसमोर बरीच माणसं उभी होती आणि त्यांना मैदानातच नंदी पाहायला मिळणार होता तरी तोवर धीर धरवत नव्हता.

"गुरुजी," रूपरावजी म्हणाले, "तुमीच सांगतलं होतं ना, सारखेपणा डोयात रायते म्हणून? मंग सांगा या लोकाइले."

चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की माझी नजर त्यांच्या पायांवर जाते. त्या दिवशीही मी चपलांकडे पाहतच बोललो. म्हणालो, माणूस ढगात हत्ती पाहतो, दगडात देव पाहतो, तसा तो लाकडात ओळखीचा चेहरा पाहतो. वस्तुतः तिथे चेहरा नसतो. आता याच नंदीचा खालचा ओठ घ्या. तो पुढे आलेला आहे, म्हणून तो रूपरावजींचा ओठ ठरत नाही. फुगलेल्या गालाचंही तसंच. ही पापणीसुद्धा...

मी बोलत गेलो तसे लोक पुढे सरकत गेले. ज्यांना फक्त गाल दिसला होता त्यांना ओठ दिसला. ज्यांना काहीच दिसलं नव्हतं त्यांना सगळंच दिसलं. मी वर पाहिलं तेव्हा रूपरावजी माझ्याकडे पाहत होते, आणि खरं सांगायचं तर तेव्हा ते थेट नंदीसारखे दिसत होते.

त्यांनी एक बारदान मागवलं आणि नंदीच्या डोक्यावर टाकलं. नंदी मैदानात जाणार नाही, असं जाहीर करून ते आत निघून गेले.

मयुरी बारदानाशेजारी पाय पसरून बसली. ती दुसरीत होती, आणि हा तिचा स्वतःचा पहिला नंदी होता. रडली नाही. पुरणपोळीचं ताट आलं, तिनं ते नंदीच्या पुढे सरकवलं. आजोबांनी आतून निरोप धाडला की शेजारून दुसरा नंदी आणून देतो. मग, नागपूरहून किल्लीची मोटार आणतो. मयुरीनं दोन्ही निरोप ऐकून घेतले आणि म्हणाली, "नंदी जेवला नाई त मी बी नाई."

दुपार व्हायला आली. मैदानातून डफाचा आवाज येऊ लागला. मी निघून जावं की थांबावं हे न कळून खांबाला टेकून उभा होतो. तेव्हा प्रमिलाबाई दारात आल्या आणि आत तोंड करून शांतपणे म्हणाल्या, "आवतण कोनं देल्लं होतं? साऱ्याइसमोर, हात जोडून? आन आता पाव्हणा आला त त्याच्या तोंडावर बारदान?"

लाकडाच्या नंदीला दिलेलं आवतण हे आवतण आहे की नाही, यावर मी दोन्ही बाजूंनी बोलू शकलो असतो. रूपरावजींना मात्र एकच बाजू दिसली. ते बाहेर आले, बारदान त्यांनी स्वतः काढलं, आणि नंदीला पहिला घास भरवल्यासारखं केलं तेव्हा मयुरीनं दुसरा घास स्वतः खाल्ला. मग ते म्हणाले की मी जातीनं नंदीजवळ चालतो, पाहू कोण हसते ते.

यापेक्षा मोठी चूक त्यांना करता आली नसती. नुसता नंदी गेला असता तर निम्म्या गावाला काही कळलं नसतं. आता दोघं शेजारी शेजारी चालले होते, सारख्याच नाराजीनं.

मैदानात मात्र कोणी हसलं नाही. लोक आळीपाळीनं दोघांकडे पाहू लागले. मग शेजारच्या म्हाताऱ्या यशोदाबाई पुढे आल्या. त्यांनी नंदीला कुंकू लावलं, आणि देवळात करतो तसं एक हात त्याच्या शिंगावर ठेवून कानाशी वाकल्या. देवळातल्या नंदीच्या कानात मागणं सांगायचं ही आमच्याकडची रीतच आहे. पण यशोदाबाईंना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांचं कुजबुजणंही आजूबाजूला ऐकू जातं.

"बाबा," त्या म्हणाल्या, "तुह्या गोदामाच्या पन्हाळीचं पाणी माह्या अंगणात पडते. चार पावसाळे झाले."

रूपरावजी घाईनं म्हणाले, "यशोदाबाई, ते पन्हाळ त मी..."

"तुमच्याशी नाई बोलून राह्यली मी," यशोदाबाई म्हणाल्या. "देवाशी बोलून राह्यली."

त्यानंतर रांगच लागली. वर्षानुवर्षं रूपरावजींच्या समोर ज्यांची मान वर झाली नव्हती, ती माणसं कुंकवाचं बोट घेऊन उभी होती. एका शेतकऱ्यानं नंदीला विनवलं की कापूस मोजताना काट्याच्या वजनाच्या पारड्यावर गुडघा टेकवत जाऊ नकोस. भजनी मंडळाचे प्रमुख बापूजी, एरवी अत्यंत भिडस्त, पुष्कळ वेळ वाकून राहिले. त्यांचं मागणं असं होतं की तू भजनाला ये, पुढे बस, पण गाऊ नकोस. रूपरावजी प्रत्येक वेळी तोंड उघडत आणि मिटून घेत. देवाच्या कानात चाललेलं बोलणं मधे तोडायचं कसं? आणि जे आपल्याला सांगितलंच नाही त्याचा राग तरी कोणावर काढायचा?

मीही रांगेत उभा राहिलो. अध्यक्षांनी भाषणात झोपू नये, एवढंच मला सांगायचं होतं. माझी पाळी आली, तो फुगलेला गाल जवळून पाहिला, आणि लाकडालासुद्धा मला ते सांगवेना. नमस्कार, असं म्हणून मी बाजूला झालो.

शेवटी प्रमिलाबाई आल्या. त्यांनी कुंकू लावलं, वाकल्या, आणि नंदीचा कान व आपलं तोंड दोन्ही पदराखाली घेतलं. त्या खूप वेळ बोलत होत्या. मधे एकदा स्वतःशीच हसल्या, मग पुन्हा बोलू लागल्या. रूपरावजी हळूहळू कलत गेले, इतके की त्यांची टोपी नंदीच्या पाठीवर पडली. ऐकू काही आलं नाही. प्रमिलाबाईंनी डोळे पुसले, की बोटाचं कुंकू पुसलं, तेही मला नीट दिसलं नाही. मग टोपी उचलून त्यांनी नवऱ्याच्या हातात दिली आणि मयुरीला म्हणाल्या, चल.

सजावटीचं बक्षीस भलत्याच नंदीला मिळालं. मयुरीला त्याचं काही वाटलं नाही. तिचा नंदी जेवला होता आणि साऱ्या मैदानात सगळ्यात जास्त कुंकू त्याच्याच कपाळावर होतं. पुढच्या आठवड्यात गोदामाच्या पन्हाळीचं तोंड रस्त्याकडे फिरलं. काट्यावरचा गुडघाही गेला म्हणतात. भजनात मात्र रूपरावजी गातच राहिले.

नंदी तेव्हापासून त्यांच्या ओसरीत असतो. काही दिवसांनी त्यांनी मला वाचनालयाच्या पायरीवर गाठलं आणि इकडेतिकडे पाहून विचारलं, "गुरुजी, तुमी जवळच उभे होते. मयुरीची आजी नंदीले काय म्हणली?"

मी म्हणालो, मला ऐकू आलं नाही. ते खरं होतं, पण त्यांना पटलं नाही. घरी विचारलं तर प्रमिलाबाई सांगतात की मी तुमाले काही बोललीच नाई.

परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे वाचनालयाची किल्ली द्यायला गेलो. ओसरीत दुसरं कोणी नव्हतं. रूपरावजी गुडघ्यांवर हात ठेवून वाकले होते, डोळे मिटलेले, आणि त्यांनी आपला कान नंदीच्या तोंडाला लावला होता. दोघांचेही ओठ सारखेच पुढे आलेले. मी किल्ली खिशात ठेवून पाऊल न वाजवता परत आलो.